भिंत कोण मोजत होतं? (सोसायटी ग्रुप, गुरुवार, ७ ऑगस्ट २०२५)

मनीषा वहिनी (ए-३): सकाळी पावणेआठला दोन पोरं छत्री धरून आपली रस्त्याकडची भिंत टेपनं मोजत होती. विचारलं तर म्हणाली, "काकी, वरनं परवानगी हाय." वरनं म्हणजे कुठनं? मागं असंच कोणतरी मोजून गेलं आणि आठ दिवसांत गेटसमोर केबलचा खड्डा पडला. कुणाला काही माहीत आहे का?

रोहित (सी-११): वरनं म्हणजे टेरेसवरनं 😄

मनीषा वहिनी: रोहित, चेष्टा नको. माझी गाडी लागते तिथं.

पाटील सर (सेक्रेटरी): नमस्कार. काळजीचं कारण नाही. एका कलासंस्थेचं पत्र आलं आहे. शहरातल्या काही भिंतींवर कोल्हापूरच्या कलापरंपरेची चित्रं काढणार आहेत. काम दिवाळीनंतर. खर्च त्यांचा, आपण फक्त ना हरकत द्यायची. विषय कमिटीपुढं ठेवणारच होतो. 🙏

जाधव (खजिनदार): ठेवणार होता की ठेवलाय? मीही कमिटीत आहे असं ऐकून आहे.

पाटील सर: जाधवसाहेब, पत्र मंगळवारी आलं. तुम्ही गावी होता.

जाधव: गावी फोन लागतो.

कुलकर्णी काका (बी-७): भिंतीला ओल आहे. आधी ओल काढा, मग रंग. (फोटो)

रोहित: काका, फोटोत तुमचा अंगठा आलाय.

देसाई मॅडम (ए-१): मला तर फार आनंद झाला. हे कोल्हापूर आहे. बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर सिनेमात यायच्या आधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत होते. त्या पडद्यांसाठी लोक तिकीट काढायचे. अशा गावात एक भिंत रंगवायची म्हटलं की आपण "केबलचा खड्डा" म्हणतो!

मनीषा वहिनी: मॅडम, खड्डा मी म्हटलं. पडद्याला माझा विरोध नाही. गाडी कुठं लावू एवढंच सांगा.

रोहित: माझं मत: भिंतीवर नांदणी मठाची महादेवी हत्तीण काढा, वनताराला नेली ती. सगळं कोल्हापूर सेल्फी काढायला येईल. चहाचा गाडा मी टाकतो.

शुभांगी (बी-२): 👆 याला माझं मत. माझ्या पोरानं शाळेच्या वहीवर पण हत्तीणच काढलीय.

जाधव: पत्राचं पान दोन कुणी वाचलं का? "उजव्या कोपऱ्यात प्रायोजकाचे बोधचिन्ह, ४ बाय ६ फूट." चार बाय सहा! माझ्या बेडरूमची खिडकी एवढी नाही. फुकट जाहिरात आहे ही. भिंतीचं भाडं घ्या, टाकीचं काम निघेल.

देसाई मॅडम: प्रत्येक गोष्टीत भाडं?

जाधव: टेरेस हॉलमध्ये तुमच्या तालमी चालतात त्याचं तरी कुठं घेतलं आम्ही? लाइट बिल सोसायटीचं. बोललो नाही एवढंच.

देसाई मॅडम: आत्ता बोललात.

कुलकर्णी काका: भिंतीला ओल आहे. आधी ओल काढा, मग रंग. (तोच फोटो)

पाटील सर: सर्वांना विनंती, ग्रुपवर वैयक्तिक नको. 🙏

देसाई मॅडम: वैयक्तिक नाहीच. उद्या ८ ऑगस्ट. मागच्या वर्षी याच रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळलं. आपल्या गच्चीवरनं लाल झालेलं आभाळ सगळ्यांनी बघितलंय. दुसऱ्या दिवशी, ९ तारखेला, केशवरावांची जयंती. कार्यक्रमाची तयारी झाली होती. मी सकाळी गेले तर वयस्कर नट रस्त्यावर उभे राहून रडत होते. तेव्हापासून आमच्यासारख्या हौशी मंडळींना तालमीला छप्पर नाही, म्हणून तुमच्या हॉलमध्ये येतो. पंखा लावत नाही. दोन ट्यूब लावतो.

शुभांगी: मॅडम, माझं लग्न ठरलं तेव्हा पहिलं नाटक तिथंच बघितलं होतं. पुढचा खांदा एवढा उंच की नायिका दिसलीच नाही 😂

शिंदे सर (सी-४): नाट्यगृह १९१५ चं. शाहू महाराजांनी बांधलं तेव्हा नाव पॅलेस थिएटर. शेजारचं खासबाग मैदान १९१२ चं. महाराजांनी रोममध्ये कलोझियम बघितलं आणि आपल्या गावात कुस्तीसाठी तसंच मैदान केलं. नाटक आणि कुस्ती एका कुंपणाला लागून, असं दुसरीकडं कुठं आहे सांगा.

रोहित: सर, पहिल्या अंकात मानापमान, दुसऱ्या अंकात धोबीपछाड.

शिंदे सर: हसू नका, मानापमानाचा संबंध आहे. ८ जुलै १९२१ ला मुंबईत केशवराव आणि बालगंधर्व या दोघांनी मिळून संयुक्त मानापमान केलं. टिळक स्वराज्य फंडासाठी. दोन कंपन्या एकमेकींच्या तोंडाकडं बघत नसताना.

जाधव: आपल्या कमिटीला लागू पडतंय.

पाटील सर: 🙂

जाधव: मुद्दा असा. तेव्हा महाराज होते. अल्लादिया खाँसाहेबांना दरबारात ठेवलं, थिएटर बांधलं, पैलवान पोसले. आता महाराज नाहीत, मेंटेनन्स आहे. तोही सात जणांचा थकलाय. नावं टाकू का?

मनीषा वहिनी: नको. माझं चेक बुक संपलंय.

कुलकर्णी काका: भिंतीला ओल आहे. आधी ओल काढा, मग रंग.

रोहित: काका, या मेसेजचं स्टिकर करून देऊ का? टायपायचा त्रास वाचेल.

शिंदे सर: जाधवांचा मुद्दा अर्धा बरोबर. मी तेहतीस वर्षं नगर प्रशासनात काढली, म्हणून सांगतो. महापालिकेच्या कायद्यात कलम ६३ म्हणजे बंधनकारक कामं: पाणी, गटार, रस्ते, दिवे. कलम ६६ म्हणजे ऐच्छिक: वाचनालय, संग्रहालय, कलादालन असली सगळी कामं तिथं. ऐच्छिक म्हणजे पैसे उरले तर. आणि पैसे कधी उरत नाहीत. जळाल्यावर शासनानं २० कोटी जाहीर केले, ते वेगळं. ते बांधायला. दरवर्षी वायरिंग तपासायला, पडदा धुवायला, खुर्चीचा स्क्रू बसवायला कोण जाहीर करतंय? स्क्रूचं उद्घाटन होत नाही.

देसाई मॅडम: 👏 शिंदे सर, हेच मी तीस वर्षं बोंबलतेय. विंगेतला दिवा गेला की सहा महिने अर्ज. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्रयोगाला आम्ही घरनं एक्स्टेन्शन बोर्ड नेलेत.

शिंदे सर: आणि २०२० च्या नोव्हेंबरपासून सभागृहात नगरसेवक नाहीत. प्रशासक आहे. कुणाच्या दारात जाऊन भांडायचं?

रोहित: भांडायला हा ग्रुप आहे की.

जाधव: मग तोच न्याय भिंतीला लावा. रंगवून जातील. पुढं? गेटशेजारी गेल्या साली कुणीतरी मोर काढला होता. एका पावसात मान गेली. आता तो मोर आहे की कोंबडा, वॉचमनला विचारा.

शुभांगी: माझा मुलगा त्याला डायनासोर म्हणतो.

माने मामा (सी-१): नमस्कार मंडळी. बोलून टाइप करतोय चुकलं तर सांभाळा. मी चाळीस वर्षं बोर्ड रंगवले. दुकानं, ट्रक, तालमीच्या भिंती, गणपतीचे देखावे. फ्लेक्स आला आणि दोन हजार पाच-सहाच्या आसपास हात रिकामा झाला. तो मोर मी बघितला. भिंत खरवडलीच नव्हती. शेवाळावर पांढरा मारला आणि त्यावर निळा. कशी टिकंल मान? भिंत आधी ब्रशानं घासायची, धुवायची, दोन-तीन आठवडे कडक ऊन दाखवायचं. हात लावला की गार लागली नाही पाहिजे. मग प्राइमर. मग दोरीला पावडर लावून चौकटी मारायच्या, दोरी ओढून सोडली की सरळ रेघ उठते. चित्र मोठं करायचं तर चौकट मोठी करायची. ह्या पोरांनी मापं घेतली ते बरं केलं. पण भिंतीला हात लावून बघितला का कुणी?

मनीषा वहिनी: नाही मामा. छत्री आणि टेप दोन्ही सांभाळत होते.

कुलकर्णी काका: माने म्हणतात तेच मी सकाळपासून म्हणतोय. ओल. मी ओव्हरसिअर होतो. कारणही सांगतो: दर खेपेला डांबरावर डांबर टाकून रस्ता फूटभर वर आला, आपली भिंत खाली गेली, सगळं पाणी पायात. दोष रस्त्याचा आहे.

पाटील सर: कुलकर्णीसाहेब, आपला मुद्दा नोंदवला आहे.

कुलकर्णी काका: चार वेळा नोंदवला. वाचला का?

रोहित: मुंबईत चर्चगेट स्टेशनच्या इमारतीवर २०१७ ला एवढे मोठे गांधीजी काढले. गर्दीतनं मान वर केली की दिसतात. आपल्यालाही कायतरी नाद खुळा पाहिजे राव. तुतारी, गूळ, चप्पल हे सगळ्या हॉटेलांत आहे.

शुभांगी: आणि तांबडा-पांढरा. कृपया भिंतीवर वाटी नको.

देसाई मॅडम: केशवरावांचं चित्र काढा. आणि खाली पुढच्या प्रयोगाची तारीख लिहायला एक काळी पट्टी ठेवा. खडूनं लिहू. नाट्यगृह सुरू होईल तेव्हा पहिली तारीख मी लिहिणार.

जाधव: पट्टी चालेल. लोगो चालणार नाही.

शिंदे सर: लोगोवरून आठवलं. बिंदू चौकात महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे पुतळे ९ डिसेंबर १९५० ला बसले, बाबासाहेब हयात असताना. भाई माधवराव बागलांनी पुढाकार घेतला. तिथं कुठं चार बाय सहाचा कोपरा आहे? आणि भिंतीवर जाहिरात आली की परवाना आणि फी आली, ती कोण भरणार, तेही पत्रात नाही.

पाटील सर: म्हणजे हरकत आहे की ना हरकत? मला उत्तर द्यायचंय.

जाधव: लोगो काढा, ना हरकत.

देसाई मॅडम: लोगो लहान करा, ना हरकत.

मनीषा वहिनी: गाडीला जागा द्या, ना हरकत.

रोहित: महादेवी काढा, ना हरकत.

माने मामा: पोरांना एकदा माझ्याकडं पाठवा. पैसे नकोत. दोरी माझ्याकडं आहे अजून, लाकडी चक्रीवर गुंडाळलेली.

जाधव: आणि तालमीच्या लाइट बिलाचं?

देसाई मॅडम: जाधवभाऊ, दोन ट्यूबचे पैसे उद्या तुमच्या हातात देते. मोजून घ्या. पावतीवर "कलेस मदत" लिहू नका फक्त.

जाधव: चेष्टा केली हो मॅडम. तालीम कितीला आहे? आमची ही विचारत होती.

देसाई मॅडम: रोज साडेआठला. चप्पल बाहेर.

मनीषा वहिनी (रात्री ९:५२): मोटार कुणी चालू ठेवलीय? पाऊण तास झाला टाकी वाहतेय. ओव्हरफ्लोचा पाइप सरळ त्याच भिंतीवर पडतोय, खाली माझ्या गाडीवर. वॉचमन म्हणतो, रोज रात्री असंच होतं.

जाधव: या महिन्यात मोटारीची पाळी बी विंगची.

शुभांगी: मी सकाळी बघते. रात्रीची पाळी सातवाल्यांची.

रोहित: बी-७?

कुलकर्णी काका: हा मेसेज डिलीट केला आहे

कुलकर्णी काका: हा मेसेज डिलीट केला आहे

माने मामा: बंद केली मी. झोपा आता.