मुंबई-दुबई फ्लाइटच्या वेळेचा घोळ

घोडबंदरवाला: आई डिसेंबरमधे ताईकडे दुबईला चाललीय, तिकिटावर निघायचं सकाळी १०:०० आणि पोचायचं ११:४५, पावणेदोन तासात दुबई?? परतीला मात्र सव्वाचार तास दिसतायत, काय भानगड आहे?

वाशीकर: अहो दोन्ही वेळा तिथल्या तिथल्या घड्याळाच्या असतात, दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. म्हणजे जाताना सव्वातीन तास, येताना पावणेतीन. अंतर सरळ रेषेत १९०० किमीच्या आसपास.

कोपरी_पूर्व: येताना कमी कारण हिवाळ्यात वरती वारं पश्चिमेकडून जोरात वाहतं, विमानाला मागून ढकलतं. आणि रनवेपर्यंत जायचा वेळही त्यातच धरलेला असतो बरं का.

घोडबंदरवाला: थँक्स, घरून किती वाजता निघू?

वाशीकर: तीन तास आधी एअरपोर्टला, त्यात घोडबंदरचं ट्रॅफिक… पहाटेच निघा!