गुलाबावरचा लाल कोळी: डीएनए तपासणी करून घ्यावी का?

मावळचा_गुलाबवाला
पॉलिहाऊसमध्ये डच गुलाब आहे. ऊन तापायला लागल्यापासून लाल कोळी (पानातला रस शोषणारी बारीक कीड) हटत नाही. पानामागे जाळी, वरून पांढुरके ठिपके, मग पान गळतं. अबामेक्टिन हे कोळीनाशक मारलं की थोडे दिवस बरं, पुन्हा तेच. माझ्याकडचा कोळी पिवळट-हिरवा आहे, पाठीवर दोन काळे डाग. शेजाऱ्याच्या भेंडीवरचा मात्र गडद लाल. ओळखीच्या एकांनी डीएनए तपासणी सुचवली. त्यातून औषध कोणतं मारायचं ते कळेल का? आणि भेंडीवरूनच माझ्याकडे येतोय का, हेही समजेल का?

कोळी_अभ्यासक
दादा, नेहमीच्या डीएनए तपासणीतून जात कळते, औषध नाही.

रंगावर जाऊ नका. दोन ठिपक्यांच्या कोळ्याचा हिरवा प्रकार असतो तसा लालही असतो. या गटातल्या माद्या जवळपास सारख्याच दिसतात. जुनी खात्रीची पद्धत म्हणजे नराची स्लाइड करून त्याच्या जननेंद्रियाचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली बाजूने पाहणं. नमुन्यात नर नसला की काम अडतं. डीएनए अंड्यातूनही मिळतो. सीओआय या जात ओळखायला वापरल्या जाणाऱ्या जनुकाची साडेसहाशेच्या आसपास अक्षरं वाचून ती आधीच्या डीएनए नोंदींच्या माहितीसाठ्याशी ताडून बघतात.

खरी अडचण या साठ्यातच आहे. कोळ्यांच्या बऱ्याच नोंदी चुकीच्या जातीच्या नावाने चढलेल्या आहेत. म्हणून प्रयोगशाळेला आधीच विचारा: त्याच नमुन्यातल्या नराची स्लाइड करून ठेवणार का? ‘नाही’ म्हणाले तर मी तिथे पैसे घालणार नाही.

आता भेंडीचं. दोन्हीकडे वेगळ्या जाती निघाल्या, तर तुमच्या गुलाबावरचा कोळी त्या भेंडीवरून आलेला नाही. एकच निघाली तर संशय राहतो, पण तेवढ्यावरून शेजाऱ्याला दोष देता येत नाही. तिथून इथे ये-जा आहे का हे पाहायला आणखी बारीक तपासणी लागते.

मावळचा_गुलाबवाला
मग औषध चालेनासं झालंय हे जनुकावरून कळतच नाही का?

कोळी_अभ्यासक
काही औषधांचं कळतं. इटोक्साझोल या दुसऱ्या कोळीनाशकाला दाद न देणाऱ्या कोळ्यांत कायटिन (कोळ्याच्या कवचातला पदार्थ) तयार करणाऱ्या जनुकात एकच बदल असतो, हे 2012 मध्ये दाखवलं गेलं. तो बदल थेट तपासता येतो. अबामेक्टिनचं तसं नाही. तिथे लक्ष्य-जनुकात (औषध ज्यावर काम करतं त्या भागाच्या जनुकात) बदल असतात, शिवाय कोळी ते औषध स्वतःच्या विकरांनी (एन्झाइम्सनी) पचवूनही टाकतो. त्यामुळे ‘बदल सापडला नाही’ असा अहवाल आला तरी औषध लागू पडेलच असं नाही. तुमच्यासाठी पान बुडवून केलेली चाचणी जास्त उपयोगी: लेबलवरच्या मात्रेत पान बुडवायचं, सुकवायचं, त्यावर माद्या सोडायच्या आणि किती मेल्या ते मोजायचं. शेजारी नुसत्या पाण्यात बुडवलेलं पान हवंच.

कोळ्यात नर फलन न झालेल्या अंड्यातून होतो, त्याच्याकडे जनुकाची एकच प्रत. दुसरी प्रत नसल्याने प्रतिकाराचा बदल झाकला जात नाही आणि भराभर पसरतो. म्हणून एकाच गटातलं (एकाच पद्धतीने मारणारं) औषध पुन्हा पुन्हा मारणं आधी थांबवा.

माडवाली_वेंगुर्ला
मध्ये बोलते. आमच्या माडांवरचा इरिओफाइड कोळी (कोळ्याचाच आणखी बारीक प्रकार) नारळाच्या टोपीखाली लपतो, भिंगाशिवाय दिसत नाही. भारतात तो 1998 मध्ये केरळात सापडला. 2005 च्या जनुकीय अभ्यासात आशिया-आफ्रिकेतले नमुने जवळजवळ एकसारखे आणि बहुतेक विविधता ब्राझीलकडे, असं दिसलं. म्हणजे तो अमेरिका खंडातून आला असावा. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण कीड मूळची कुठली हे कळलं की तिचे शत्रू कुठे शोधायचे तेही कळतं.

मावळचा_गुलाबवाला
पटलं. पानाची चाचणी आधी करतो, शेजाऱ्याशी बोलून दोन्हीकडचे नमुनेही पाठवतो. कसे भरू?

कोळी_अभ्यासक
बारीक ब्रशने शुद्ध अल्कोहोलमध्ये. फॉर्मेलिन नको, त्यात डीएनए खराब होतो. गुलाब आणि भेंडीसाठी वेगळी कुपी, वेगळा ब्रश. नर लहान आणि मागे निमुळता असतो, तो आठवणीने घ्या. पीक, गाव, तारीख कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलने लिहून कुपीतच टाका. पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.