स्विफ्टची चाकं: १४ इंचीच ठेवावी, १५ करावी की एकदम १६?

सातारा_लेन

गाडी मारुती स्विफ्ट व्हीएक्सआय, पेट्रोल, २०१९. कंपनीची १४ इंची लोखंडी डिस्क (रिम), टायर १६५/८० आर१४. चारही टायर टीडब्ल्यूआयच्या (टायर बदलायला झाला हे दाखवणाऱ्या) खुणेला टेकत आलेत, तेव्हा बदलायचे तर आहेतच. वापर दर आठवड्याला पुणे-सातारा, म्हणजे हायवे आणि खंबाटकी घाट, बाकी शहरातले खड्डे. बरेचदा चार-पाच माणसं आणि डिकीभर सामान.

दुकानांतून चार सल्ले मिळाले:
क) त्याच डिस्कवर १८५/७० आर१४
ख) अलॉय आणि १८५/६५ आर१५
ग) अलॉय आणि १९५/६५ आर१५, "गाडी जरा उचलली जाईल"
घ) बलेनोची १६ इंची अलॉय आणि १९५/५५ आर१६

यातलं कोणतं घ्यावं, का, आणि रिम घेताना काय काय तपासावं? दिसण्याचा मुद्दा दुय्यम आहे.

पाना_नंबर_१९

आधी गणित. टायरवरचा पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा साइडवॉलची उंची, रुंदीच्या टक्क्यात. तिसरा रिमचा व्यास, इंचात. बाहेरचा एकूण व्यास = रिम × २५.४ + साइडवॉलची दुप्पट. तुमचे पर्याय मांडून बघू:

१६५/८० आर१४ (मूळ): साइडवॉल १३२, व्यास ६१९.६ मिमी
१८५/७० आर१४: साइडवॉल १२९.५, व्यास ६१४.६, म्हणजे ०.८ टक्के कमी
१८५/६५ आर१५: साइडवॉल १२०, व्यास ६२१.५, म्हणजे ०.३ टक्के जास्त
१९५/६५ आर१५: साइडवॉल १२७, व्यास ६३४.५, म्हणजे २.४ टक्के जास्त
१९५/५५ आर१६: साइडवॉल १०७, व्यास ६२०.९, म्हणजे ०.२ टक्के जास्त

कंपनीप्रमाणे चार-पाच मिमीचा फरक पडतो, पण तुलनेला हे आकडे पुरतात.

व्यासाला एवढं महत्त्व का? स्पीडोमीटर, ओडोमीटर आणि गिअरचं प्रमाण सगळं मूळ व्यासावर बसवलेलं असतं. व्यास २.४ टक्क्यांनी वाढला की तोच काटा दिसताना गाडी प्रत्यक्षात २.४ टक्के जास्त वेगाने पळते. चढावर पिकअप तेवढाच सुस्त होतो, आणि खंबाटकीत पाच माणसं घेऊन तिसऱ्या गिअरला ते लगेच जाणवतं. एक टक्क्याच्या आत राहा, जास्तीत जास्त दीड.

"गाडी उचलली जाईल" हे अर्धसत्य आहे. व्यास १५ मिमीने वाढला तरी जमिनीपासूनची उंची त्याच्या निम्मीच वाढते, म्हणजे साडेसात मिमी. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३. त्यात साडेसातची भर घालून कुठला स्पीडब्रेकर चुकणार? त्याबदल्यात मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला टायर घासायची भीती. 'ग' बाद.

'ख' मात्र सरळ आहे, कारण ह्याच स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला, झेडएक्सआयला, कंपनीने १८५/६५ आर१५ च दिलाय. मडगार्डमधली जागा, स्टीअरिंगचा पूर्ण वळसा, एबीएस ह्या सगळ्याची तपासणी कंपनीने करूनच तो बसवलाय. शिवाय हाच टायर डिझायर, बलेनो, अर्टिगा यांच्या निरनिराळ्या मॉडेलांना लागतो. रात्री कुठे अडकलात तरी तालुक्याच्या गावी मिळण्याची शक्यता बरीच. हा फायदा कागदावर दिसत नाही, पण मला तो रुंदीपेक्षा मोठा वाटतो.

घाटमाथा

व्यासाचं पटलं. पण प्रश्नकर्त्याने दिसणं दुय्यम म्हटलंय, मग 'क' इतक्या पटकन का सोडायचा? १८५/७० आर१४ ला साधारण साडेचार ते सहा इंच रुंदीची रिम चालते. स्विफ्टची १४ इंची डिस्क ५जे (पाच इंच रुंद) आहे, म्हणजे रिमचा खर्च शून्य. रुंदी २० मिमीने वाढते, साइडवॉल जेमतेम अडीच मिमीने घटते. वळणावर १६५ चा जो डुलकेपणा असतो तो बराच कमी होतो. काटा किंचित जास्त वेग दाखवेल, ती चूक सुरक्षित बाजूची.

खड्ड्याच्या बाबतीत साइडवॉल म्हणजेच तुमची उशी. टायर खड्ड्याच्या कडेवर आपटला की रबर रिमच्या ओठापर्यंत चेपतं, आतले धागे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी बाजूला फुगा दिसतो. तो फुगा दुरुस्त होत नाही, टायर टाकावाच लागतो. १३२ वरून १०७ वर आलात तर २५ मिमीची उशी गेली, म्हणून 'घ' मी शहरातल्या खड्ड्यांसाठी कोणालाच सुचवणार नाही. बलेनोला ते शोभतं, कारण तिच्या वरच्या मॉडेलांना कंपनीने तोच साइज दिलाय. स्विफ्टचं सस्पेन्शन त्या हिशेबाने बसवलेलं नाही.

लोखंडी डिस्क वाकली तर ठोकून सरळ होते. अलॉय वाकतं तेव्हा बरेचदा आतल्या ओठाला बारीक तडाही जातो, हवा हळूहळू उतरते आणि पंक्चरवाला टायरमध्ये खिळा शोधत बसतो.

पावसाबद्दल एक गैरसमज: रुंद टायर म्हणजे ओल्या रस्त्यावर जास्त पकड, असं सरसकट नाही. साचलेल्या पाण्यात रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं आणि तो आधी तरंगू लागतो. तिथे रुंदीपेक्षा खाचेची खोली महत्त्वाची. कायद्याची मर्यादा १.६ मिमी असली तरी हायवेला पावसाळ्याच्या तोंडावर ३ मिमीच्या खाली राहिलेला टायर ठेवू नये.

पाना_नंबर_१९

'क' वर माझा आक्षेप नाही. फक्त मॅन्युअलमध्ये किंवा चालकाच्या दाराजवळच्या खांबावरच्या स्टिकरवर तो साइज नाही आणि १८५/६५ आर१५ सारखा सगळीकडे पटकन मिळतही नाही. १५ घ्यायचं म्हणजे अलॉयच घ्यायला हवं असंही नाही. बलेनोच्या खालच्या मॉडेलांना १५ इंची लोखंडी डिस्क येते. बोल्ट तेच, मधलं भोक तेच. जुन्या बाजारात ती अलॉयच्या मानाने स्वस्त पडते आणि कोणी चोरतही नाही. खड्डे आणि हायवे दोन्ही असलेल्या वापराला माझं मत ह्याच जोडीला: १५ इंची लोखंडी डिस्क, १८५/६५.

लोड इंडेक्सही (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) बघा. मूळ टायर ८५ म्हणजे प्रत्येकी ५१५ किलो. १८५/६५ आर१५ आणि १८५/७० आर१४ दोन्ही ८८ मध्ये मिळतात, म्हणजे ५६०. नवा टायर ८५ च्या खाली जाऊ देऊ नका. वेगाचं अक्षर एस (कमाल ताशी १८० किमी), टी (१९०) किंवा एच (२१०), ह्यांतलं काहीही चालेल, पण चारही टायर एकाच अक्षराचे आणि एकाच नक्षीचे. बाजूच्या चार अंकी तारखेत पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष: २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा.

मधली_लेन

रिम घेताना काय बघायचं ते कोणी लिहिलं नाही, म्हणून:

पीसीडी, म्हणजे नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास. २०१८ नंतरच्या स्विफ्टचा ४×१००, म्हणजे चार भोकं, १०० मिमी. आय२० चाही तोच, तिचं भोकही ५४.१ च. ब्रेझाचा ५×११४.३, ती चाकं लागणारच नाहीत. फियाट पुंटोचा ४×९८, आणि ही खरी फसवी जोडी. दोन मिमीचा फरक डोळ्याला दिसत नाही, नट चार आटे चढतात आणि मग तिरके अडकतात. जोर लावून बसवलं तर स्टड ताणला जातो. चार भोकांच्या रिमवर समोरासमोरच्या दोन भोकांचं मध्य ते मध्य अंतर टेपने मोजा, १०० भरायला हवं.

मधलं भोक. स्विफ्टच्या हबचं, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाचं, ५४.१ मिमी. मारुतीच्या स्वतःच्या रिमना तेच असतं. बाजारातल्या अलॉयचं भोक मुद्दाम मोठं ठेवतात, ६७.१ किंवा ७३.१, म्हणजे एकच रिम बऱ्याच गाड्यांना विकता येते. मधली पोकळी भरायला रिंग लागते, ७३.१ ते ५४.१ अशी. ती नसेल तर चाक फक्त नटांवर मध्यात येतं, आणि आधी एकाच बाजूचा नट आवळला की केसभर सरकून बसतं. मग ८०-१०० च्या वेगाला स्टीअरिंग थरथरतं, बॅलन्सिंग तीनदा केलं तरी जात नाही, कारण बॅलन्सिंगच्या मशीनवर ते चाक बरोबर मध्यातच धरलेलं असतं.

ऑफसेट, म्हणजे हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून किती मिमी बाहेर आहे ते. रिमच्या आत 'ईटी' आणि आकडा कोरलेला असतो. आकडा जितका मोठा तितकं चाक आत. हिशेब असा: समजा जुनी रिम ५जे ईटी४०, नवी ६जे ईटी३८. एक इंच रुंदी वाढली म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७ मिमी. ईटी दोनने कमी म्हणून बाहेरची कड १२.७ + २ = १४.७ मिमी बाहेर, आतली १२.७ − २ = १०.७ मिमी आत. आतल्या बाजूला स्ट्रट (सस्पेन्शनचा खांब) आहे, बाहेर मडगार्डची कड. दुकानात "बसतं हो" असं म्हणतात ते रिकाम्या, सरळ उभ्या गाडीवर. मागे तिघं बसवा, स्टीअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण फिरवा, रिव्हर्स घ्या, एक स्पीडब्रेकर पार करा. मग मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकवर घासल्याची चकाकी दिसते का ते टॉर्चने बघा.

चाक बाहेर काढायला स्पेसर (हब आणि रिममधली चकती) लावायचा विचारही नको. व्हील बेअरिंगवर तरफेचा ताण वाढतो आणि प्रत्येक खड्डा स्टीअरिंगला झटका देतो.

जुनी रिम घेत असाल तर टायर न चढवता बॅलन्सिंग मशीनवर नुसती फिरवून मागा. आतला ओठ डोलताना दिसतो. वेल्डिंगची खूण, ताजा रंग किंवा ओठावर ठोकल्याचे चपटे डाग दिसले तर ती ठेवा तिथेच. अलॉय भरून जोडलेलं असेल तर त्या जागी ते पुन्हा फुटतं.

सातारा_लेन

उत्तम. १५ इंची लोखंडी डिस्क आणि १८५/६५ असं ठरतंय. दोन शंका. स्टेपनी १४ चीच राहिली तर? आणि आरटीओ-इन्शुरन्सचं काय?

मधली_लेन

स्टेपनी १४ ची राहू द्या. १६५/८० आणि १८५/६५ च्या व्यासात दोनच मिमीचा फरक, नव्या-जुन्या टायरच्या झिजेतही त्याहून जास्त फरक असतो. डिफरन्शियल किंवा एबीएसला त्रास नाही. फक्त रुंदी वेगळी असल्याने ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढू शकते. पंक्चरवाला भेटेपर्यंतच वापरा, ८० च्या आत. पुढचं चाक पंक्चर झालं आणि वेळ असेल तर मागचं चाक पुढे आणून स्टेपनी मागे लावा. चालवणारी आणि वळणारी दोन्ही चाकं पुढेच आहेत, ती सारखी असलेली बरी. १६५/८० चा जुना टायर स्टेपनीत ठेवायचा तर चारांतला सर्वांत कमी झिजलेला ठेवा. तोही टीडब्ल्यूआयला टेकलेला असेल तर एक नवा घ्याच.

कायदा: मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ म्हणतं, कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा बदल करू नये, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितलं. १८५/६५ आर१५ ह्याच मॉडेलला कंपनीने दिलेला असल्याने वादाला जागा फारशी राहत नाही. रुंद १६-१७ इंची लावून मडगार्डच्या बाहेर आलेली चाकं अपघातानंतर सर्व्हेअरच्या नजरेतून सुटत नाहीत. बाहेरची अलॉय लावलीत तर पॉलिसीत ॲक्सेसरी म्हणून नोंदवा. नाहीतर चोरी झाल्यावर भरपाई फक्त लोखंडी डिस्कची.

पाना_नंबर_१९

बसवताना: हबच्या तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशने काढा, गंजाचा पापुद्रा मध्ये राहिला तर डिस्क तिरकी बसते आणि नट नंतर सैल होतात. चारही नट आधी हाताने पाच-सहा आटे फिरवा, मग १९ च्या पान्याने समोरासमोर, एकाआड एक. शेवटचा जोर जॅक उतरवल्यावर, मॅन्युअलमधल्या आकड्याला, टॉर्क रेंचने. न्यूमॅटिक गनने एका दमात आवळू देऊ नका, पुढे रस्त्यात तोच नट तुम्हाला सुटणार नाही. १०० किमी झाल्यावर पुन्हा एकदा तपासा.

बॅलन्सिंगला लोखंडी डिस्कवर अडकवायचे वेट चालतात. एकाच चाकाला ६०-७० ग्रॅमच्या वर वेट मागितला तर टायर डिस्कवर १८० अंश फिरवून बघायला सांगा, बरेचदा निम्म्यावर येतो. नवा साइज लावल्यावर अलाइनमेंटही करून घ्या.

हवा टायरच्या बाजूला कोरलेल्या कमाल आकड्याएवढी नको. स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये १८५/६५ आर१५ समोर जो आकडा आहे तो, टायर थंड असताना. पाच माणसं नि सामान असेल तर मागच्या चाकांना पूर्ण भाराचा आकडा. साताऱ्याला पोचल्यावर गरम टायरमध्ये तीन-चार पीएसआय जास्त दिसले तर सोडू नका, गार झाल्यावर तेच कमी भरतील.