ताप अंगावर काढून वर्गात यायचं कशाला?

पर्वरीची आई: काल इथे एका प्राध्यापकांनी लिहिलं, "फ्लू म्हणजे पावसाळी सर्दी. कषाय, म्हणजे काढा, घ्या, वर्गात या, ७५ टक्के हजेरीत सूट मिळणार नाही." वाचून राहवलं नाही. सर्दीत नाक गळतं, फ्लूत सकाळी धडधाकट असलेलं पोर संध्याकाळी तापाने फणफणतं, कूस बदलवत नाही. लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस तो दुसऱ्याला लागतो. कॉलेजांनी एवढंच करावं: गोळी न घेता ताप उतरून चोवीस तास होईपर्यंत पोरांना घरी राहू द्यावं आणि त्या दिवसांची हजेरी कापू नये.

जुना मास्तर: ते लिहिणारा मीच. हजेरी सैल केली की चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात अर्धा वर्ग तापाने आजारी पडतो. मेडिकल सर्टिफिकेट आणा, कोण नाही म्हणतो?

डिचोलीचा टीवायवाला: सर, तेच सर्टिफिकेट आणायला अंगात १०२ ताप घेऊन दवाखान्यात बसलो होतो. शेजारच्या बाकावर गरोदर बाई, मी खोकतोय. कागद ऑफिसात दिला तर म्हणे डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर नाही, परत आणा. पुन्हा कदंबची सरकारी बस, बाहेर पाऊस म्हणून सगळ्या काचा बंद. त्या बसमध्ये किती जणांना दिला असेन?

म्हापशेकर: सर्टिफिकेटचं सोडा हो. पैसे टाकले की हवं तेवढ्या दिवसांचं मिळतं.

फोंड्याचा डॉक्टर: तोंड सांभाळून बोला! सगळ्यांना एका माळेत ओवू नका. फ्लूच्या दिवसांत माझ्याकडे निम्मी पोरं औषधाला नाही, कागदाला येतात. आणि त्या गर्दीत दम्याचा म्हातारा ताटकळतो. दोन-तीन दिवसांसाठी पालकांची चिठ्ठी का चालू नये?

म्हापशेकर: बरं, तुम्ही देत नसाल. देणारे आहेत, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

बांबोळीची सिस्टर: सर्टिफिकेटवरच सगळे भांडताय, लशीचं कोणी बोलेना. २००९ साली स्वाईन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात गेला, ती शाळकरी मुलगी होती. तरण्यांना काही होत नाही, हे डोक्यातून काढा. विषाणू रूप बदलतो म्हणून लस दरवर्षी लागते, आणि टोचल्यावर अंगी लागायला दोन आठवडे जातात. म्हणजे पाऊस धरायच्या आधी, जूनच्या तोंडावर घ्यायची. हॉस्टेलात एका खोलीत तिघं, एकच पाण्याची बाटली फिरते, तिथे तर आधी. वर्गात समोरासमोरच्या दोन खिडक्या तरी पावसातही उघड्या ठेवा. आणि मनाने अँटिबायोटिक घेऊ नका, फ्लूवर ते चालत नाही.

जुना मास्तर: खिडक्या उघडल्या की पहिली रांग भिजते, सिस्टर. लशीचं पटलं. लस घेऊनही फ्लू होतो, हेही सांगा की.

बांबोळीची सिस्टर: होतो. पण अॅडमिट करायची वेळ कमी जणांवर येते. रांग मागे सरकवा.

जुना मास्तर: ठीक आहे. ताप असलेल्याने माझ्या वर्गात येऊ नये, नोट्स मी ग्रुपवर टाकीन. हजेरीचं प्राचार्यांना विचारा, नियम माझा नाही.

पर्वरीची आई: नियम तुमचा नाही, तर काल तो पोरांना धमकी दिल्यासारखा का ऐकवलात? ती पोस्ट आधी बदला. माझा मुलगा ती वाचून आज ताप लपवून कॉलेजला गेलाय.