डायलॉग अडकला की आधी तो शोधावा, की ॲड-इनच काढून टाकावे?

वास्कोचा दुरुस्तीवाला:
वास्को, पणजी आणि म्हापसा येथील काही लहान कार्यालयांचे संगणक मी सांभाळतो. आलेली ईमेल दप्तरात नोंदवण्यासाठी आउटलुक या ईमेल प्रोग्राममध्ये बसवलेल्या एका ॲड-इनचे, म्हणजे जोड-प्रोग्रामचे, बटण दाबले की आउटलुक जागच्या जागी अडकते, ही तक्रार माझ्याकडे सतत येते. मी पोहोचेपर्यंत कोणीतरी टास्क मॅनेजर उघडून ‘एंड टास्क’, म्हणजे आउटलुक जबरदस्तीने बंद, केलेले असते. माझे म्हणणे असे, की हा शेवटचा उपाय आहे आणि आपण तो पहिला करून बसलो आहोत.

मुरगाव बंदराशी व्यवहार असलेल्या एका शिपिंग एजंटाच्या कारकुनाने मला रात्री घरून फोन केला. कुठेही क्लिक केले तरी नुसता ‘टण्’ असा आवाज येत होता, परंतु वरच्या पट्टीवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ ही अक्षरे नव्हती. निदान तिथेच झाले. प्रोग्रामची विंडो सुमारे ५ सेकंद कशालाच दाद देईनाशी झाली तरच विंडोज ती अक्षरे दाखवते. म्हणजे आउटलुक शुद्धीवर होते आणि नोंद क्रमांक विचारणाऱ्या डायलॉगला, म्हणजे छोट्या चौकटीला, उत्तर मिळण्याची वाट पाहत होते. तो डायलॉग दिवसा कार्यालयातल्या दुसऱ्या मॉनिटरवर उघडला होता. लॅपटॉप घरी आला, मॉनिटर वास्कोलाच राहिला, आणि ॲड-इनने मात्र जुनी जागा लक्षात ठेवून डायलॉग तिथेच, म्हणजे नसलेल्या मॉनिटरवर उघडला. ऑल्ट आणि स्पेस एकत्र, नंतर एम, मग कोणतीही एक बाणाची कळ दाबून माऊस हलवायला सांगितल्यावर डायलॉग कडेने सरकत आत आला. एंड टास्क केले असते तर अर्धवट लिहिलेल्या उत्तराचा शेवटचा भाग गेला असता आणि दुसऱ्या दिवशी तोच डायलॉग त्याच अदृश्य जागी उघडला असता.

म्हापशाची हिशेबनीस:
आपले निदान अचूक आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही. जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरण्याची २० तारीख तोंडावर असताना, न दिसणारा डायलॉग कळांनी ओढून आणण्याची विद्या मी का शिकावी? आमच्या कार्यालयात मी सरळ फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स असे जाऊन, खाली ‘कॉम ॲड-इन्स’ निवडून ‘गो’ दाबले आणि त्या ॲड-इनपुढची खूण काढली. कंट्रोल कळ दाबून धरून आउटलुक सेफ मोडमध्ये, म्हणजे ॲड-इन्सशिवाय, सुरू केले तेव्हा ते सुरळीत चालले, एवढा पुरावा मला पुरला. आता मी जोडपत्रे फोल्डरमध्ये हाताने टाकते. वेळ थोडा जास्त जातो, पण किती जाईल हे आधी ठाऊक असते.

पर्वरीचा प्रोग्रामर:
आपण दोघेही वापरणाऱ्याकडे पाहत आहात. मी असली ॲड-इन्स लिहितो, म्हणून आमच्या धंद्याचा कबुलीजबाब देतो. डायलॉग उघडताना त्याची मालक विंडो आउटलुकची आहे, हे आम्ही सांगायचे असते. ते राहिले की डायलॉग आउटलुकच्या मागे जाऊ शकतो आणि पुढची विंडो क्लिक घेत नाही. अशा वेळी ऑल्ट-टॅब करून पाहावे, नाहीतर एस्केप दाबावे.

दुसरा प्रकार खरोखर अडकण्याचा आहे आणि त्यावर वास्कोकरांच्या कळा चालणार नाहीत. जुन्या पद्धतीचे ॲड-इन आउटलुकच्याच प्रोसेसमध्ये, म्हणजे त्याच चालू प्रोग्रामच्या पोटात, चालते, त्यामुळे त्याने मुख्य थ्रेडवरून, म्हणजे पडदा सांभाळणाऱ्या कामाच्या धाग्यावरून, सर्व्हरला विचारणा केली आणि उत्तर येईपर्यंत तिथेच थांबले, तर आउटलुकही थांबते. आम्ही वापरतो त्या डॉट नेट या प्रोग्रामिंगच्या साधनात अशी विचारणा आपणहून सोडून देण्याची मुदत मुळात १०० सेकंदांची असते. जुलैच्या पावसात नेट गेलेले असताना शंभर सेकंद पांढऱ्या पडद्याकडे पाहत बसणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. ही चूक आमची आहे आणि ती आम्हीच दुरुस्त केली पाहिजे. नाहीतरी नवे आउटलुक कॉम, म्हणजे जुन्या पद्धतीचे, ॲड-इन घेतच नाही, म्हणून वेबपानासारख्या चालणाऱ्या वेब पद्धतीच्या ॲड-इनकडे जाणे हाच मार्ग आहे. तिथे डायलॉग वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतो.

मडगावची वापरकर्ती:
वेब पद्धतीचे एवढे कौतुक नको. आमच्याकडे तसलेच ॲड-इन आहे आणि तेही अडकते, फक्त वेगळ्या जागी. डायलॉग फुलीने बंद केला की बाजूच्या पट्टीत ‘कृपया थांबा’ हे चक्र फिरतच राहते, आणि बटण पुन्हा दाबले तरी काहीच होत नाही. यावर आपले काय म्हणणे आहे?

पर्वरीचा प्रोग्रामर:
फुली दाबल्याची वर्दी १२००६ या क्रमांकाने ॲड-इनपर्यंत पोहोचते. ती ऐकून चक्र थांबवायला ॲड-इन लिहिणारा विसरला असावा. एका पट्टीतून एका वेळी एकच डायलॉग उघडता येतो. आधीचा कुठे मागे उघडाच राहिला असेल तर १२००७ हा त्रुटी क्रमांक येतो. पट्टी बंद करून पुन्हा उघडली की सहसा सुटका होते. ही टीका मान्य करतो, तरीही एक फरक राहतो: चक्र फिरत असताना आपण उरलेली ईमेल वाचू शकत होता.

म्हापशाची हिशेबनीस:
म्हणजे ॲड-इन जुने असो वा नवे, विसरणार लिहिणारा आणि पट्टी बंद-उघड करणार आम्ही. माझी खूण काढलेलीच राहील.

वास्कोचा दुरुस्तीवाला:
बाईंचा राग रास्त आहे. मात्र शिपिंग एजंटाला नोंद क्रमांकाशिवाय कागद पुढे पाठवता येत नाही, त्यामुळे तिथे खूण काढण्याची सोय नाही. मी त्या कारकुनाच्या टेबलावर दोन ओळी लिहून चिकटवल्या आहेत: ‘टण् वाजले तर डायलॉग शोधा. पडदा पांढरा झाला तर घड्याळ लावून दोन मिनिटे थांबा, मग मला फोन करा.’ ॲड-इन विकणाऱ्यांना मॉनिटरच्या जागेचा दोष लिहून कळवला आहे. उत्तर यायचे आहे.