फायबरच्या होडीतला पायाखालचा प्लाय कुजलाय: वरून नवा टाकू की सगळा काढू?

दिवाळे_बंदर
नमस्कार मंडळी. दिवाळे कोळीवाड्यात आमची २२ फुटी फायबरची होडी आहे, मागे आउटबोर्ड. वडिलांनी घेतलेली, आता मी आणि धाकटा भाऊ चालवतो. इंजिनाच्या पुढे, जिथे बर्फाची पेटी असते, तिथला प्लाय पाय ठेवला की दबतो. गेल्या वर्षी एका कारागिराने त्यावर मॅटचा (काचतंतूंच्या कापडाचा) थर मारून दिला होता. तो आता कडेने सुटलाय आणि फटीतून काळं पाणी वर येतं. होडी पूर्वीपेक्षा पाण्यात खाली बसते असंही भाऊ म्हणतो.

कुणी सांगतं वरूनच नवा १२ एमएम ठोक, कुणी म्हणतं सगळं उकर. १ जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागली की काम काढायचा विचार आहे, म्हणजे मे महिन्याचा धंदा बुडणार नाही. जाळं ओढताना भाऊ नेमका त्याच जागी उभा असतो, म्हणून काम पक्कंच करायचंय.

चेंदणीकर
वरून अजिबात ठोकू नका. खालचं कुजकं तसंच राहतं, नव्याला ओल लावतं, आणि स्क्रू धरणार कशाला? हातोडीच्या दांड्याने सगळीकडे ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तिथे खडूने खूण करा. दबतं त्याच्यापेक्षा कुजलेली जागा बरीच मोठी निघेल.

ऐरोली_फायबरकाम
नाखवा, पहिली विनंती: जूनवर ढकलू नका. लाकूड ओलं असेल तर रेझिन, म्हणजे फायबरकामातला घट्ट होणारा चिकट द्राव, त्याला धरत नाही. वरून चकाचक दिसतं आणि काही महिन्यांत पापुद्रा सुटतो. तुमचा गेल्या वर्षीचा थर तसाच सुटलेला दिसतोय. जून-जुलैत आपल्याकडे हवाच इतकी दमट की ताडपत्रीखालची होडीसुद्धा वाळत नाही. येत्या उधाणाच्या भरतीला वर ओढा, मेच्या उन्हात उघडी ठेवा. मेचे काही दिवस जातील हे खरं, पण ते ऊन नंतर मिळणार नाही.

ओढल्यावर आधी ती सपाट टेकवा, पुढेमागे आणि दोन्ही बगलांना भक्कम आधार देऊन. पायाखालचा प्लाय होडीचा आकार धरून ठेवतो. तो काढला आणि टेकू वाकडा असला तर होडी पिळते आणि नवा प्लाय त्याच पिळात कायमचा बसतो. याकडे फार कमी लोक बघतात.

बॅटरी, पेट्रोलची टाकी, पाइप सगळं बाहेर काढल्याशिवाय ग्राइंडर सुरू करू नका. पातं प्लायच्या जाडीपेक्षा खोल जाऊ देऊ नका, खाली तळ आहे. कडेने दोन बोटं पट्टी सोडा, नव्या प्लायची पातळी त्यावरून मिळते. आत तरंगण्यासाठी भरलेला फोम असेल तर पिळून बघा. पाणी प्यायलेला फोम वाळत नाही, काढून टाकायचा. होडी खाली बसते ती बहुतेक त्या वजनाने.

मग खालचे लांबीचे लाकडी आधार, म्हणजे स्ट्रिंजर. बाजूने बारीक ड्रिल मारून भुसा बघा. कोरडा, फिकट आला तर राहू द्या. काळपट, ओला आला तर वरचं फायबर कापून लाकूड खरवडा. बाजूच्या फायबरच्या भिंती उभ्या ठेवा, नवं लाकूड त्यांच्यातच बसतं.

प्लायवर आयएस ७१०, म्हणजे मरीन प्लायचा मानक क्रमांक, छापलेलं स्वतः वाचून घ्या. ‘वॉटरप्रूफ’ म्हणून मिळणारा बराच माल आयएस ३०३ चा असतो, तो घरातल्या फर्निचरचा. बसवण्याआधी खालची बाजू आणि चारही कडा रेझिनने भरा, खालून मॅटही द्या. पाणी सगळ्यात जास्त कडेतून शिरतं. दोन तुकड्यांचा सांधा स्ट्रिंजरवरच यायला हवा. स्क्रू ३१६ स्टेनलेसचे (खाऱ्या पाण्यात टिकणारी जात), आणि प्रत्येक भोक रेझिनने बुजवून मगच स्क्रू.

रेझिनमध्ये कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारा द्राव) आधी पूर्ण ढवळा, हार्डनर (घट्ट व्हायला सुरुवात करून देणारा) नंतर. दोन्ही एकमेकांत थेट कधीही ओतायचे नाहीत, भडका उडतो. हे भावालाही सांगून ठेवा.

सारसोळे_ताई
दादा, बर्फाच्या पेटीखालीच कुजलंय हे लक्षात घ्या. लोक खाऱ्या पाण्याला दोष देतात, पण लाकूड कुजवणारी बुरशी गोड्या पाण्यात जोमाने वाढते, मिठाचं पाणी तिला मानवत नाही. वितळलेला बर्फ आणि पावसाचं पाणी, दोन्ही गोडं, तिथेच साचतं. नवा प्लाय घातलात आणि पेटीचं पाणी पुन्हा तसंच गळू दिलंत तर तो पण जाईल. आम्ही पेटीच्या बुडाला नळी लावून पाणी थेट बाहेर सोडलंय, आणि पेटी पट्ट्यांवर उचलून ठेवतो, खाली वारा लागतो.

दिवाळे_बंदर
ताई, पेटीचं ध्यानातच आलं नव्हतं. आज एक कोपरा उघडला: फोम भिजलेला, डावीकडच्या स्ट्रिंजरचा भुसा काळा, उजवीकडचा कोरडा. शिवाय आडव्या आधारांतून पाणी मागे जायची भोकं कचऱ्याने बुजलेली. अमावास्येच्या भरतीला वर ओढतोय. ती भोकं मोठी केली तर चालेल का?

ऐरोली_फायबरकाम
चालेल, अंगठा जाईल एवढी करा, पण अगदी तळाशी, म्हणजे मागच्या बुचापर्यंत पाणी न अडता जाईल. भोकाच्या आत उघडं पडलेलं लाकूड रेझिनने दोनदा भरा. फक्त डावा स्ट्रिंजर बदलणार असाल तर उजव्याला आणखी दोन-तीन ठिकाणी, मुख्यतः इंजिनाजवळ, ड्रिल मारून बघा. प्लाय बंद केल्यावर तिथे परत जाता येत नाही. शेवटच्या थरावर धुतलेली, वाळवलेली बारीक वाळू भुरभुरवा, ओल्या पायाला पकड मिळते.