मदत हवी आहे: बाबांना (वय ७१) छोट्या जहाजातून जुनी बंदरं दाखवायची आहेत

चाटीगल्लीकर

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

बाबांचा सगळा जन्म सोलापुरात सुताच्या वासात गेला. आधी गिरणीत, ती बंद पडल्यावर चादरीच्या कारखान्यात हिशेबाला. निवृत्तीनंतर त्यांना धाराशिव जिल्ह्यातल्या तेर या प्राचीन गावाचं वेड लागलं. दर दोन-तीन महिन्यांनी तुळजापूरमार्गे तेर. गोरोबाकाकांचं दर्शन पाच मिनिटांत, आणि लामतुरे संग्रहालयात तीन तास. तिथल्या हस्तिदंती बाहुलीसमोर तर खुर्ची टाकून बसतील असे उभे असतात. तिच्यासारखीच एक इटलीत ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहराच्या राखेत १९३८ साली सापडली, हे घरात येणाऱ्या प्रत्येकाला, गॅसवाल्यालासुद्धा, सांगून झालंय.

'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासपुस्तिकेत तेरचा उल्लेख 'तगर' असा येतो. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर. तिथलं जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांतून, रस्ते नसलेल्या मुलखातून गुजरातेतल्या भडोच बंदराला जायची. बाबांचं म्हणणं एकच: "आपल्याकडचं कापड भडोचला जहाजात चढलं. उतरलं कुठं, ते बघायचंय."

म्हणून ग्रीस-तुर्कस्तानची सफर बघतेय. इथल्या एका ट्रॅव्हलवाल्याने पाच हजार प्रवाशांच्या जहाजाचं माहितीपत्रक पुढे ठेवलं. घसरगुंड्या, कॅसिनो, सगळं. बाबा म्हणाले, "गड्ड्याच्या यात्रेत पण एवढे पाळणे नसतात." चष्मा काढला, विषय संपला.

तेव्हा शंभरेक प्रवाशांचं, सोबत इतिहासाचा जाणकार असलेलं छोटं जहाज हवंय. मनात ग्रीसचं डेलोस बेट आणि तुर्कस्तानातलं इफेसस हे प्राचीन शहर आहे. आठ-दहा दिवस, बाबा आणि मी. डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया दोन वर्षांपूर्वी झालीय. आम्ही शाकाहारी. कधी जावं, गुडघ्याला झेपेल का, व्हिसाचं काय?

खलाशी_रत्नांग्री

ताई, मी अकरा वर्षं जहाजांवर भटारखान्यात काढली, त्यातली तीन छोट्या जहाजावर. आधी गुडघ्याचं. लहान जहाजांवर बरेचदा लिफ्ट नसते. केबिन खाली, जेवणघर वर, दिवसातून दहा खेपा. आणि जिथे धक्का नाही तिथे जहाज नांगरून छोट्या होडीतून किनाऱ्यावर नेतात. होडी वरखाली होत असते, दोन खलाशी कोपरापाशी धरतात आणि "आता" म्हटलं की पाऊल टाकायचं. म्हातारी माणसं घाबरत नाहीत, पण घाई करतात. तसं करू नये.

जुलै-ऑगस्टला एजियन समुद्रात मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. मोठं जहाज तो पचवतं, छोटं नाचतं. लाटा जास्त असल्या तर कप्तान बेट गाळून पुढे जातो, आणि करारात तशी मुभा असते. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर बरा. केबिन मधली आणि खालच्या मजल्यावरची घ्या, डुलणं कमी लागतं.

डेलोसवर रात्री राहता येत नाही, झाड नाही, सावली नाही, नुसते दगड. सोलापूरकरांना उन्हाचं काय सांगायचं म्हणा!

विजापूरवेस

ओ ताई, जेवणाची काळजी करूच नका. कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्या, महिनाभर काय होत नाही त्याला. फक्त पेढे, तूप असलं दुधाचं काही नेऊ नका, युरोपात बाहेरून आणलेले दुधाचे पदार्थ चालत नाहीत.

व्हिसात एक गोम आहे. ग्रीसमधून तुर्कस्तानात उतरून परत ग्रीसमध्ये आलात की शेंगेनमध्ये (एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) दुसऱ्यांदा प्रवेश झाला. त्यामुळे एकाच प्रवेशाचा व्हिसा चालणार नाही, अर्ज करतानाच एकापेक्षा जास्त प्रवेशांचा मागा. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. काकांचा गुडघा विमावाल्याला आधीच सांगा, लपवू नका. पॅकेजवर टीसीएस (विक्रीच्या वेळीच वसूल होणारा आयकर) कापतील तो आयकर विवरणपत्रात वळता होतो, पावती जपा.

जुनीनाणी

सगळे जहाजाचं बोलतायत, मी काकांच्या प्रश्नाचं बोलतो. राग नसावा, पण डेलोस त्याचं उत्तर नाही. ते करमुक्त बंदर म्हणून फळफळलं इ.स.पू. १६६ नंतर. इ.स.पू. ८८ मध्ये रोमशी लढणाऱ्या मिथ्रिडेटिस राजाच्या सैन्याने ते लुटलं, ६९ मध्ये चाच्यांनी. पेरिप्लस लिहिलं गेलं तोवर तिथली वर्दळ ओसरली होती. तगरची मलमल तिथे उतरायला गिऱ्हाईकच उरलं नव्हतं.

वाट अशी होती: भडोच, तांबडा समुद्र, इजिप्तच्या किनाऱ्यावरचं बेरेनिके किंवा मायोस होर्मोस, तिथून उंटांवरून वाळवंट ओलांडून नाईलकाठचं कोप्टोस, मग नदीतून अलेक्झांड्रिया. बेरेनिकेच्या उत्खननात भारतीय सुती कापडाचे तुकडे मिळालेत. अलेक्झांड्रियाहून धान्याची मोठी जहाजं इटलीत पुतेओलीला लागायची, म्हणजे आजचं पोत्सुओली, नापोलीच्या (नेपल्सच्या) शेजारी. तिथल्या जुन्या बाजारपेठेचे तीन संगमरवरी खांब अजून उभे आहेत, आणि माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर त्यांना समुद्रातल्या शिंपल्यांनी भोकं पाडलीयत. जमीन समुद्रात बुडाली आणि परत वर आली, त्याची ती खूण. काकांची पाँपेईची बाहुली नापोलीच्याच संग्रहालयात आहे, उंची जेमतेम वीतभर. पाँपेई तिथून लोकल गाडीने पाऊण तासाच्या आत.

इफेसससाठीही छोट्या जहाजाची गरज नाही. तिथलं बंदर गाळाने कधीच बुजलं, समुद्र काही किलोमीटर मागे गेला. आता कुशादासीला उतरून बसनेच जावं लागतं, आणि तिथे मोठी जहाजंही लागतात. छोट्या जहाजाचा पैसा नापोली-सिसिली अशा फेरीवर घालवा.

चाटीगल्लीकर

सगळ्यांचे आभार. जुनीनाणी, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. डेलोसवरून आधी पंधरा मिनिटं तुमच्याशी (म्हणजे माझ्याशी) भांडले. मग नकाशा काढून पोत्सुओलीवर पेन्सिलीने गोल केला आणि "ह्यांना तेरला घेऊन येतो म्हणून सांग" म्हणाले. गुन्हा माफ झाला असं समजा.

तर आता नापोली-सिसिली. व्हिसाची गोमही त्यात सुटली, तुर्कस्तान गळाला. त्या बाजूला छोटं जहाज कोणी घेतलंय का? गाईड, बंदर-कर, टीप किमतीत धरलेली असतात की वर मागतात? आणि खलाशीदादा, जहाजातल्या जिन्याच्या पायरीची उंची साधारण किती असते? बाबा आमच्या गच्चीच्या जिन्यावर टेप घेऊन बसलेत.